चिंचेच्या पाण्यातला नॉटिलस

फत्तेसिंग अंघोळ करून आले आणि टेबलाकडे बघतच राहिले. नॉटिलसचा शिंपला जागेवर नव्हता.

"अक्का, इथला शिंपला?"

"देव्हाऱ्यात आहे," थोरली बहीण सकवारबाई आतून म्हणाली. "शंख इतका कळकट ठेवतात होय रे? शुक्रवारच्या पूजेच्या भांड्यांबरोबर रात्री चिंचेत घातला. नोडु, बघ तरी, मोती झालाय मोती!"

झालाच होता. पांढराशुभ्र, चकचकीत. वरचे तांबूस पट्टे साफ गेले होते. फत्तेसिंग तिथंच खाली बसले.

शिंपला त्यांचा नव्हता, कॉलेजच्या संग्रहातला होता, एकुलता एक. गल्लीतलीच, त्यांची जुनी विद्यार्थिनी सौम्या आता तिथं शिकवत होती. तिनं तो स्वतःच्या जबाबदारीवर आणून दिला होता. आज इंदिरानगरच्या मंडळात मुलांपुढं बोलायचं होतं. चार माणसांत जीभ टाळ्याला चिकटणारे फत्तेसिंग तयार झाले ते एवढ्याचसाठी, की सगळे शिंपल्याकडं बघतील, आपल्याकडं नाही.

"शंख नव्हे तो," ते कसेबसे म्हणाले. "डायनासोरांच्याही आधीपासून हे कूळ समुद्रात आहे. वर पट्टे, खाली पांढरा. वरून बघणाऱ्याला तो खालच्या अंधारात दिसत नाही, खालून बघणाऱ्याला वरच्या उजेडात. इतकं सगळं सोसून टिकला, आणि आपल्या घरी एका रात्रीत..."

अक्काचा चेहरा उतरला. "स्वल्प थांब." तिनं कुंकू पाण्यात कालवलं आणि बोटानं शिंपल्यावर एक रेघ ओढलीसुद्धा.

"अक्का!"

"अय्यो, सर!" दारात सौम्या उभी होती. बाहेर रिक्षा फुरफुरत होती. तिनं शिंपला हातात घेतला, फिरवून पाहिला. मग हळूच म्हणाली, "पॉलिश केलेला आहे म्हणून सांगू या? कुणाला कळतंय!"

'सरी' हा कानडी होकार फत्तेसिंगांच्या ओठांवर आला होता.

"नको," ते म्हणाले. "मुलं पांढरा नॉटिलस डोक्यात घेऊन घरी जातील. कसा होता ते मी सांगतो. तुझ्या हेडना पण मीच भेटतो."

"तुम्ही? बोलाल, सर?"

खरंच, आपण कसं बोलणार, त्यांना वाटलं.

"चिंच मी घातली, ते मी सांगीन," अक्का पदराला हात पुसत म्हणाली. "पुढचं तू सांग. चल रे, रिक्षावाला ओरडतोय."

फत्तेसिंग थक्क होऊन बघत राहिले. अक्का चप्पल शोधत होती.