हत्तुरे साहेबांची शोकसभा

धोंडप्पाच्या नातीचं लग्न झालं त्याच वर्षी सोलापुरात बँकेचे निवृत्त मॅनेजर हत्तुरे साहेबांची शोकसभा भरली.

"साहेब लई मायाळू की," जुना कॅशियर अतीक म्हणाला.

तीस वर्षं तिथंच शिपाई असलेल्या धोंडप्पाला हसू आवरेना. त्याची बायको अक्कम्मा साठीत सही शिकून बँकेत आली, तेव्हा याच साहेबांनी भर काउंटरवर शाईचा पॅड पुढं सरकवला होता. "अंगठाच दे, म्हातारे. तुझं नाव लिहून होईस्तोवर बँक बंद होईल." तिनं पुन्हा पेन धरला नाही.

लोकांनी बोलायचा आग्रह केला, तसा धोंडप्पा उठला. "सायेब वेळेचे पक्के. माझ्या बायकोच्या सहीला दोन मिनिटंबी वाया घालवली न्हाईत."

सभा खाली बघत बसली.

हत्तुरे साहेब ४ जानेवारी २०२४ रोजी वारले होते.