परसातला दोडका

“पप्पा, रविवारी गवंडी येतोय. तुमचा मांडव त्याच्या आत काढून घ्या,” अनेकांत म्हणाला. परसात फरशी घालून गाडी आत लावायची, हा त्याचा बेत जुनाच होता. फरशीची थप्पी फाटकापाशी येऊन पडली होती.

अण्णासो दोडक्याच्या वेलाखाली वाकून अळी शोधत होते. “येऊ दे की. च्या पाजू त्याला.”

कसबा बावड्यातल्या या घरामागं बिल्डरनं नुसता राडारोडा टाकला होता. अण्णासोंचा जन्म फौंड्रीत साचे बांधण्यात गेला, रोप म्हणून एक लावलं नव्हतं. रिटायर झाल्यावर मात्र ते हात धुऊन परसाच्या मागं लागले. विटांचे तुकडे वेचले, साखर कारखान्याची मळी खत म्हणून आणून कुजवली, फुटके ड्रम कापून कुंड्या केल्या. भंगारातल्या सळ्यांचा मांडवही स्वतःच उभारला. जैनाचं घर, त्यामुळे औषध मारायचं नाही. अळ्या पानासकट उचलायच्या आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवर सोडायच्या. त्या परत येत असाव्यात अशी त्यांना शंका होती, पण त्यांनी तक्रार केली नाही.

आषाढात मात्र त्यांचं हसं झालं. मेथी अशी फोफावली की पहिली जुडी घेऊन ते ऐटीत स्वयंपाकघरात गेले. बायको राजमती हसायलाच लागली.

“अवो, चातुर्मास बसला की. पालेभाजी चालती व्हय आपल्याला?”

जन्मभर पाळलेला नेम हा गडी आनंदाच्या भरात विसरला होता. सगळी मेथी शेजारच्या संयोगितानं नेली. वर “काका, उद्या बी काढणार न्हवं?” असं विचारलं.

“घरात एक काडी शिजली न्हाय आणि म्हणं बाग,” अनेकांतनं टोमणा मारला. “पर्युषणाच्या पारण्यापातूर ह्यातलं काय तर मम्मीच्या ताटात पडू दे. मग फरशी न्हाय घालत.”

ते अण्णासोंना लागलं. तेव्हापासून त्यांचा जीव दोडक्यात अडकला. वेलाला नुसती फुलं यायची आणि गळायची. अखेर भाद्रपदात दोन दोडके धरले. अण्णासो दिवसातनं दहादा जाऊन बघायचे, पण हात लावायचे नाहीत.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, कडक उपवास करून राजमती दुसऱ्या सकाळी पारण्याला बसली. मुगाचं पाणी पिऊन झालं. सून आदितीनं परसातल्या दोडक्याची भाजी वाढली. अण्णासो दारात उभे होते, आत यायचं धाडस होईना.

राजमतीनं घास घेतला. सावकाश चावला.

“आजून वाढ,” ती म्हणाली. मग मुलाकडं वळली. “गवंड्याला सांग, काम न्हाय म्हणून.”

अण्णासोंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

रविवारी अनेकांतनं गाडी रस्त्यावरच लावली. पावसात आईचा पाय घसरू नये म्हणून त्यानं वाफ्यांमधनं एकेक फरशी मांडत वाट केली. बाजूच्या वाफ्यात अण्णासो मेथी पेरायची म्हणून माती भुसभुशीत करत होते. या खेपेला चातुर्मास कधी संपतो ते त्यांनी राजमतीला आधीच विचारून घेतलं होतं.