बखूमची मेणबत्ती

बाबांचं पत्र येऊन दीड महिना झाला होता आणि गिर्गिसने अजून उत्तर पाठवलं नव्हतं. गावाकडून, मिन्याहून आलेल्या त्या पत्रात एकच मागणी होती: मुलगा झाला तर त्याचं नाव बखूम ठेव, तुझ्या गेलेल्या भावाचं. आता मुलगा होऊन सात दिवस झाले होते. अलेक्झांड्रियातल्या त्या दोन खोल्यांत कोणाचीच झोप पुरी होत नव्हती.

"बखूम म्हटलं की शाळेच्या फाटकातच कळतं, ख्रिश्चनाचं पोर ते," त्याची बायको इरीनी पहिल्यापासून म्हणत होती. "सामी ठेवू. सामी कोणाच्याही घरात असतो."

"म्हणजे लपवायचं?"

"तू नाही लपवलंस. काय मिळालं?"

नाव सांगितल्यावर समोरच्याचा बदलणारा चेहरा गिर्गिसने वीस वर्षं पाहिला होता. क्रूस गोंदलेलं मनगट बाहीत ओढून घ्यायची सवयही आता जुनी झाली होती.

दुपारी सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे सात मेणबत्त्या मांडल्या. प्रत्येकीला एक नाव. शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. पाच पाकिटातल्या, एक चर्चमधून आणलेली जाडजूड, आणि एक अर्धी जळलेली.

"जावईबापू, चिठ्ठ्या तरी चिकटवा," त्या म्हणाल्या. "का त्यालाही दीड महिना?"

त्याने चिकटवल्या. बखूम सगळ्यांत आधी विझला. शेवटी सामी उरला.

"झालं, देवानेच ठरवलं. तसंच कळवा बाबांना," असं म्हणून सासूबाई आत भांडी घासायला गेल्या.

इरीनी बाळाला थोपटत होती. "अर्धी कोणाला दिलीस आणि जाड कोणाला, मी पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"दमलेय रे. आणि मला हवं तेच होत होतं." बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत ती म्हणाली, "पण बाबांना देवाचं नाव सांगू नकोस. ते खरं मानतील."

गिर्गिस कागद घेऊन बसला. पहिलं पान त्याने फाडलं. दुसऱ्यावर लिहिलं:

"बाबा, मुलाचं नाव सामी ठेवतो आहोत. मेणबत्त्या लावल्या होत्या, पण बखूमला अर्धी मीच दिली. त्याची आठवण मला रोज येते. पण माझं नाव सांगता सांगता मी थकलोय, तेच ह्याच्यावर लादत नाही. रागवा, पण बाप्तिस्म्याला या."

परत वाचलं तर धीर सुटेल म्हणून त्याने पाकीट लगेच बंद केलं, आणि पाव आणायला उतरला तेव्हा ते टपालपेटीत टाकलं.