अर्धा डेसिबल

"हात काढा," साहेब म्हणाले.

डेसिबलरावांनी मान वर केली नाही. काचेपलीकडच्या खोलीच्या भिंती, छत, जमीन, सगळं निळ्या फोमच्या टोकदार सुळक्यांनी मढवलेलं होतं; बाहेरची रेडिओलहर आत येऊ नये आणि आतली भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून. मधोमध फिरत्या तिवईवर रबरी डोकं, त्याच्या कानाला फोन, आणि तो धरलेला रबरी डावा हात. माणूस बोलत असताना फोनच्या अँटेनाचं काय होतं, ते इथे मोजायचं. डेसिबलराव एकवीस वर्षं हेच करत होते. लहरींची ताकद डेसिबलमध्ये मोजतात, नावही त्यापायीच पडलेलं. या नव्या फोनचं मात्र वाटोळं होत होतं. अँटेनाची पट्टी नेमकी डाव्या तळव्याखाली झाकली जायची आणि बारा भाग ताकद निघाली तर बाहेर जेमतेम एक पोचायचा.

"हात काढून मोजा. आकडा बसेल."

"बसेल की. पण साहेब, फोन हवेत तरंगत ठेवून कोण बोलतं?"

"लोक हल्ली स्पीकरवर बोलतात."

साहेब याआधी साबणाच्या कंपनीत होते. साबणवाल्याला अँटेनातलं काय कळणार, असं डेसिबलरावांचं मत होतं आणि साहेब ते रोज नव्याने सिद्ध करून दाखवत.

"आणि अहवालात 'डावा हात' असा रकाना आहे, तिथे?"

"तोच आकडा लिहायचा. एवढंही मीच सांगायचं का?"

"मग सहीही तुम्हीच करा."

साहेबांनी सही केली नाही. असली माणसं कुठेच सही करत नाहीत. जेवणाच्या सुट्टीनंतर सही केली ती जोडीदाराने. शेजारच्या टेबलावर अठरा वर्षं बसणारा हा माणूस, वारा वाहील तशी पाठ देणारा.

"काय करू सांग," तो पुटपुटला. "मुलीची अजून दोन वर्षं आहेत कॉलेजची."

"माझ्याकडे बघून बोलू नकोस," डेसिबलराव म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. समोरून आला की ते अशा नजरेने बघत, जशा नजरेने आपण चपलेला चिकटलेली घाण बघतो. जोडीदार मात्र येता-जाता मान हलवायचा. लाजही नाही मेल्याला, असं त्यांच्या मनात येई.

फोन बाजारात आला. कंपनीने खूश होऊन प्रत्येक कामगाराला एकेक दिला. डेसिबलरावांनी तो घरी नेऊन कपाटावर टाकला. बायकोने हौसेने उतरवून सुरू केला. तिचा उजवा खांदा वर्षभर आखडलेला. फोन धरायचा तो डाव्याच हाताने.

"ताई? ऐकू येतंय का गं? ताई?" ती खिडकीपाशी गेली, मग जिन्यात गेली, मग परत आली. "आपल्या घरातच काहीतरी खोट आहे."

"घरात नाही, फोनमध्ये आहे," ते म्हणाले, आणि छाती फुगवून सगळी हकिकत सांगितली. साबणवाला कसा मूर्ख, जोडीदार कसा बिनकण्याचा, आणि आपण कशी सही केली नाही.

बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. "मग तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"कोणाला म्हणजे?"

"म्हणजे सही केली नाहीत आणि घरी येऊन जेवलात."

डेसिबलरावांना त्या रात्री भाजी गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनला मंजुरी देणाऱ्या सरकारी कार्यालयाला पत्र लिहिलं. खरे आकडे जोडले, खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

तीन महिन्यांनी तपासणीवाले आले, त्यांनी हातासकट मोजलं. विक्री थांबली, पट्टी वरच्या कडेला सरकवण्याचं ठरलं. कोणाच्या तरी गळ्यात फास अडकवणं भाग होतं. साहेबांनी अहवाल पुढे केला. "यावर माझी सही कुठे आहे?"

जोडीदाराला त्याच आठवड्यात काढलं.

तो खण रिकामा करत होता तेव्हा खोलीत दोघंच होते. डेसिबलरावांनी त्याच्यासाठी एक झणझणीत वाक्य कित्येक महिने घोटून ठेवलं होतं. बोलायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "तू पत्र पाठवलंस ते बरं केलंस. मला जमलं नसतं."

त्याने खणातला चहाचा कप पिशवीत टाकला.

"एक लक्षात ठेव. दुपारनंतर ते मोजणीचं मशीन तापतं, अर्धा डेसिबल जास्त दाखवतं. तू जेवायला गेलास की मी आपला तो ठरलेला, पक्का आकडा ठाऊक असलेला अँटेना लावून ते जुळवून ठेवायचो."

"कधीपासून?"

"झाली की पंधराएक वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, माझ्या मशीनला हात लावायचा नाही." त्याने पिशवीची गाठ मारली. "तू बोलणं टाकलंस त्या आठ महिन्यांतही चुकवलं नाही. काळजी करू नकोस, तुझे आकडे बरोबर आहेत."

तो गेला. डेसिबलरावांना दारापर्यंत जायचं होतं, पण ते टेबलापाशीच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते डबा अर्धा टाकून उठले. ठरलेला अँटेना तिवईवर बसवला, जड दार ओढून घेतलं आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. आकडा अर्ध्या डेसिबलने जास्त होता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं आणि हळूच जुळवून घेतला.