खंडेनवमी आणि कुंदनचं बटण

उज्वला आणि कुंदन एकमेकांना पाण्यात पाहायचे. यात लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. इंदिरानगरच्या त्या ऑफिसात शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं.

कंपनी द्राक्षं आणि कांदा परदेशी पाठवणारी. कोणाची पेटी कुठल्या कंटेनरात चढली, विंचूरच्या शीतगृहात गारवा किती, सगळं मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर. ते सर्व्हर उज्वलाने एकेक करून स्वतःच्या हाताने उभे केलेले. कुठल्या मशीनची कुठली सेटिंग हे फक्त तिच्या डोक्यात, आणि ते डोक्यातच राहील याची काळजीही तिने घेतलेली. उगाच खोटं कशाला बोला!

मग बंगळुराहून कुंदन आला. मूळचा ओझरचा, पण तोरा असा की जन्मच जणू विमानात झाला. मालक शेखरअण्णांनी त्याला आणलं ते कंपनीचा स्वतःचा क्लाउड उभारायला. आपल्याच खोलीतल्या सर्व्हरांची ताकद एकत्र करायची आणि ज्या कामाला जेवढी लागेल तेवढी त्यातून द्यायची. शिवाय ही उभारणी माणसाने करायचीच नाही. नवं मशीन चालू झालं की ते नेटवर्कवर हाक मारणार, कुंदनचा प्रोग्राम ओ देणार, डिस्क पुसणार आणि सगळं नव्याने चढवणार.

"मॅडम, तुमचं महिन्याचं काम माझं बटण चहा होईपर्यंत उरकतं," तो भर मीटिंगमध्ये म्हणाला.

"मग चहाही त्यालाच करायला सांग," उज्वला म्हणाली.

कुंदनला जुने सर्व्हरही पुसून क्लाउडमध्ये घ्यायचे होते. उज्वला घेऊ देत नव्हती. कधी कांद्याचा हंगाम, कधी द्राक्षांचा, कधी ऑडिट; तिच्याकडे कारणांना तोटा नव्हता. अण्णांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं, "जुनी मशीनं तिकडं गेली का तुम्ही विंचूरला जा. वजनकाट्याचे कॉम्प्युटर बघायला कोणी नाय तिथं." दहावी झालेलं पोरही बघेल असं काम! आणि काही अडलं की हात जोडून कुंदनलाच विचारायचं. छे! ते जुने सर्व्हर जोवर जागेवर, तोवरच ती जागेवर.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती कुंदनचा प्रोग्राम वाचत बसली, खोड काढायला म्हणूनच. आणि तिला खोड सापडली. जुने सर्व्हरही चालू होताना आधी नेटवर्कवर हाक मारत. आजवर ओ द्यायला कोणी नव्हतं, म्हणून ते मुकाट आपल्या डिस्कवरून सुरू होत. आता ओ द्यायला कुंदनचा प्रोग्राम बसला होता. जुन्यांना वगळ, असं त्याने प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं, कारण सर्व्हर कोणी बंद करतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

अण्णांच्या घरात मात्र आजोबांच्या ऑइल इंजिनापासून रीतच होती. खंडेनवमीला यंत्र बंद करायचं, विसावा द्यायचा, मग हळदकुंकू. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही.

उज्वला उठून कुंदनच्या टेबलाशी गेली. वाईट असली तरी इतकी वाईट नव्हती ती. कुंदनने मान वर केली नाही. "वजनकाट्याची माहिती हवी असेल तर विंचूरला फोन लावा, मॅडम."

झालं! तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती परत फिरली आणि तोंडात गुळणी धरून बसली. फक्त जाण्याआधी सगळ्या जुन्या सर्व्हरांचा पूर्ण बॅकअप घेतला. कंपनी बुडायला नको होती तिला. कुंदन बुडायला हवा होता.

सकाळी सर्व्हर बंद झाले. छायावहिनींनी, अण्णांच्या बायकोने, झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. कुंदन बाहेर काचेआड फोनवर बोलत होता. आरती झाली तेव्हा तो आत आला आणि प्रसादाचा पेढा तोंडात टाकला.

"उज्वलाताई, तुमच्या हातानं करा चालू," अण्णा म्हणाले.

तिने एकेक बटण दाबलं.

थोड्याच वेळात विंचूरहून फोन आला: स्क्रीन कोऱ्या. कुंदनने लॅपटॉप उघडला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "जुनी मशीनं पुसली गेली," तो पुटपुटला.

"पुसलं? सगळं पुसलं?" अण्णा कडाडले. "गाढवा, माझा कंटेनर बंदरावर हाय! लोकांना काय तोंड दाखवू?"

काय गार वाटलं उज्वलाला! असं सुख तिला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

"बॅकअप... बॅकअप असेल तर..." कुंदन चाचरला.

अण्णा तिच्याकडे वळले. "ताई, हाय का?"

नाही म्हणावं असं क्षणभर मनात आलं. पण बंदरावरचा माल तिच्याही गावच्या लोकांचा होता. "आहे," ती म्हणाली. "कालचाच."

मग त्या पोराने जे केलं ते ती बघतच राहिली. पुसलेली जुनी मशीनं त्याच्या प्रोग्रामने आधीच क्लाउडमध्ये ओढून घेतली होती. त्याने बॅकअप आत ओतला. तिच्या डोक्यातली एकूण एक सेटिंग त्या बॅकअपमध्येही होतीच. जेवणाची पंगत उठेपर्यंत विंचूरच्या स्क्रीन पूर्ववत झाल्या. तिला कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

अण्णांचा राग कधीच ओसरला होता. "एवढं सोपं होतं तर इतके महिने मला का अडवलंत, ताई?" ते म्हणाले. "दसरा झाला का विंचूरला रुजू व्हा."

खोली रिकामी झाल्यावर कुंदन जवळ आला. "मॅडम, तुम्ही माझा प्रोग्राम उघडला होता. लॉगमध्ये दिसतंय. बॅकअपही काल संध्याकाळचाच. तुम्हाला माहीत होतं."

उज्वलाने सर्व्हरवरची झेंडूची माळ सरळ केली.

"एक शब्द बोलला असतात तर मी लगेच तुमची मशीनं वगळली असती. तुमच्या परवानगीशिवाय त्यांना हात लावायची माझी काय बिशाद होती?" तो हसला. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय अण्णांनी मला कधीच पुसू दिली नसती ती. तुम्ही पुसलीत."

"तोंड काळं कर," उज्वला म्हणाली. तो शीळ घालत निघून गेला आणि ती टेबलाचा खण रिकामा करायला लागली.