उत्तरेच्या पोटातलं बिऱ्हाड

मीठ विकायला येणाऱ्या सखुबाईनं सांगितलं होतं, "बाय, तुझी पोर निजेत दात खाते, पोट हे असं टंच. जंत हायेत. वावडिंग दे." मी हसले. मुंबईच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली मी, आणि मला मिठागरातली बाई पोट शिकवणार.

शिवाय ते पोट आमच्या ठाण्याच्या आळीत फार लाडकं. चतुर्थीला सासूबाईंनी चार वर्षांच्या उत्तरेला गणपती म्हणून पाटावर बसवलं, पोटावर कुंकू लावलं, आणि शेजारणी आरती म्हणत तिला मोदक भरवू लागल्या. सात खाल्लेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोट धरून कळवळली. ओकली, त्यात वीतभर जंत. "बाधलंय. एरंडेल पाज," सासूबाई म्हणाल्या. मी वाटी भरलीसुद्धा. तेवढ्यात सखुबाई दारात.

"कालपासून परसाकडं झाली का पोर?"

"नाही गं."

"मंग वरून ढोसू नको. वाट बुजलीय."

या खेपेला मी वाटी मोरीत ओतली. इकडच्या स्वारीची कचेरी सुटायची वाट न बघता टांगा बोलावला.

दवाखान्यात विश्रामराव डॉक्टरांनी पोट चाचपलं. "सुतळीचा गुंडा लागतोय हाताला. आतड्यात जंतांची गाठ बसलीय. एरंडेल दिलं नाहीत ना?"

"नाही."

"कॉलेजात शिकवलं वाटतं?"

"मिठागरात."

गाठ सुटली नाही तर पोट फाडावं लागेल, आणि त्यातून फार थोडी मुलं उठतात, असंही ते म्हणाले. उत्तरेला खाणं बंद, कोमट मिठाच्या पाण्याची खालून पिचकारी तेवढी चालू. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. श्वाससुद्धा जपून घेत होते.

तिसऱ्या सकाळी भांडं भरलं. सोवळ्याच्या सासूबाई काडीनं जंत मोजत बसल्या. "एकोणीस," त्या म्हणाल्या, जणू नातवंडंच झालीत. आम्ही दोघी हसत सुटलो. मी दारावरच्या पट्टेवाल्याला वाकून नमस्कार केला, तो बिचारा पळाला.

मग उरलेल्या जंतांसाठी पुडी दिली. तिनं पोरीला दिवसभर सगळं पिवळं दिसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उत्तरा डोळे चोळत म्हणाली, "आजी, तुला हळद कोणी लावली? तुझं लग्न आहे?" सासूबाई लाजल्या. खरंच लाजल्या.

तुमच्या शेजारी एखादं पोर पोट धरून ओकत असेल, तर हे वाचणं ठेवा आणि जाऊन बघा. परसाकडे कधी झालं होतं ते विचारा. झालं नसेल, तर त्याच्या आईबरोबर दवाखान्यापर्यंत जा.