सकाळचा खेळ

धाकटीने पोस्टरवरच्या ‘संध्याकाळी सहा’वर कागदाची पट्टी चिकटवली, तळहाताने दाबून सपाट केली आणि तिच्यावर जाड पेनाने ‘सकाळी साडेसात’ असं लिहिलं. खाली शिडी धरून कलामंडळाचे अध्यक्ष उभे होते.

“साडेसात ही दुधाच्या पिशव्या घरात घ्यायची वेळ,” ते म्हणाले. “सिनेमाची नव्हे.”

“रात्रपाळी सातला सुटते, सर.”

“आणि सुटली की माणूस घर गाठतो.”

“एक दिवस इथे येतील.”

“आले तर मला आनंदच आहे,” अध्यक्ष म्हणाले आणि तिला उतरायला हात दिला. माणूस सज्जन होता. कुठल्याही कामात आधी शंका काढायची आणि मग शिडी धरायची, ही त्यांची पद्धत.

मंडळाचा यंदाचा हंगाम श्रमाला वाहिलेला होता. कामगारांवरचे सिनेमे, कामगारांची गाणी, सगळं हौसेने ठरवलेलं. प्रेक्षक मात्र नेहमीचेच. प्राध्यापक, दोन डॉक्टर, कविता करणारे वकील. सिनेमा संपला की चहाच्या टेबलाभोवती उभे राहून ते कष्टकऱ्यांच्या हालअपेष्टांवर मनापासून हळहळायचे. सभागृहासमोरच बसथांबा होता. रोज संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या सुमाराला तिथे धुलाई कारखान्याची बस यायची. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी धुणारी माणसं रांगेत उभ्या उभ्या पोस्टर वाचायची आणि बसमध्ये चढून कामावर जायची. लग्नघरी नवऱ्यामुलालाच बोलवायचं राहून जावं, तसली ही चूक. ती कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

धाकटीच्या ध्यानात आली तीही ताईमुळे. पहिल्या खेळाला धाकटी मंडळातर्फे पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभी होती. समोरच्या रांगेतून ताईने डबा उंच करून हात हलवला. “चालले गं,” म्हणाली आणि बसमध्ये चढली. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केस पिकले तरी सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण ताईच तशी हाक मारायची. वडील गेले तेव्हा ताईने शाळा सोडून कारखाना धरला आणि धाकटीला शिकवलं. त्याचा उच्चारही तिने कधी केला नाही. उपकार काढून दाखवणारी असती तर फेडणं सोपं गेलं असतं. धाकटीला एवढंच हवं होतं, की पडद्यावर दुसरं कुणी राबतंय आणि ताई खुर्चीत बसून बघतेय, असं एकदा तरी घडावं. ताई आता निवृत्तीला आली होती. हंगामातला हा शेवटचा सिनेमा होता.

आमंत्रण द्यायला ती दुपारी ताईकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई कानावरून पांघरूण घेऊन झोपली होती आणि ऐन थंडीत उशाशी टेबलफॅन खडखडत होता. धाकटीने हलकेच बटण बंद केलं. तोच ताईचे डोळे उघडले.

“पंखा का बंद केलास?”

“अगं, गारठा किती आहे.”

“असू दे. चालू कर आधी.”

धाकटीने पंखा लावला आणि पलंगाच्या कडेला बसून सिनेमाचं सांगितलं.

“कशावर आहे?”

“सूतगिरणीवर. बायकांवर.”

“म्हणजे रात्रभर मशीनपुढे उभं राहायचं आणि सकाळी परत मशीनच बघायची?” ताई हसली. “झोप लागेल मला.”

“लागली तर लागू दे. पण ये.”

ताई उठून बसली. “बाकीच्यांना आणू?”

“सगळ्यांना आण.”

आणि ताईने खरंच सगळ्यांना आणलं. साबणाचा आणि वाफेचा वास घेऊन माणसं आत आली. पाण्याने पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटं गरम कपांभोवती धरून त्यांनी चहा घेतला. खुर्च्यांची गादी दाबून पाहिली, एकमेकांची थट्टा केली, चपला काढल्या, पाय मोकळे केले. नेहमीचे प्रेक्षक मागच्या रांगांत अंग चोरून बसले. अध्यक्षांचं प्रास्ताविक तयार होतं, पण धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी कागद खिशात ठेवला.

दिवे गेले. पडद्यावर गिरणी सुरू झाली. सुताच्या चात्या, पट्टे, चाकं आणि त्यांचा तो अखंड घरघराट. एक बाई तुटलेला धागा सांधते, पुढे सरकते, पुन्हा सांधते. फार काही बोलणं नव्हतंच.

पहिली मान ताईची कलली. मग शेजारणीची. पाहता पाहता पुढच्या रांगा आडव्या झाल्या आणि कुणीतरी घोरायलाही लागलं.

अध्यक्ष वाकून तिच्यापाशी आले.

“पालथ्या घड्यावर पाणी,” ते कुजबुजले, पण त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. “बंद करू या का? गायक मंडळी आली आहेत. दोन गाणी म्हणतील आणि मग यांना घरी सोडू.”

“नको.”

“अहो, बघतंय कोण?”

महिनाभर एकेक सिनेमा पाहून धाकटीने हाच निवडला होता, ताईसाठी.

“मी बघतेय,” ती म्हणाली. “आणि सिनेमा अर्ध्यात थांबणार नाही.”

“निदान आवाज तरी कमी करू. झोपू दे बिचाऱ्यांना.”

“आवाजही राहू दे, सर. आहे तसाच दाखवायचा.”

ते क्षणभर घुटमळले आणि मागे जाऊन बसले. धाकटी ताईशेजारी येऊन बसली. ताईचं डोकं तिच्या खांद्यावर घरंगळलं. तिने ते तसंच राहू दिलं आणि पडद्याकडे पाहत राहिली.

गिरणी घरघरत होती. पडद्यावरची बाई धागा सांधता सांधता थांबली. तिने हात पुसले, इकडे तिकडे पाहिलं आणि दांडा खाली ओढला. एक मशीन थांबलं. पलीकडच्या बाईनेही दांडा ओढला. मग तिच्या पलीकडचीने. आवाज पातळ होत गेला आणि शेवटचं चाक फिरायचं थांबलं, तेव्हा सभागृह चिडीचूप झालं.

खांद्यावरचं वजन उचललं गेलं.

धाकटीने वळून पाहिलं. ताई टक्क जागी होती. तिच्या पलीकडची जागी होती. पुढच्या रांगांतली झाडून सगळी डोकी वर झाली होती. पडद्यावर बायका आपापल्या मशीनपुढे हात खाली सोडून उभ्या होत्या, आणि इकडे एकही खुर्ची करकरत नव्हती.

“कोणी बंद केलं?” ताईने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

“त्या बाईने. मग बाकीच्यांनी.”

“मुकादम आला?”

“येईल आता.”

ताईने अंधारात पायांनी चाचपून चपला घातल्या आणि ताठ बसली.